निकालपत्रात न लिहिलेली शिक्षा



या व्याख्यानमालेसाठी मी विषय कळवला, तेव्हा संयोजकांपैकी एका ज्येष्ठ स्नेह्यांचा मला फोन आला. म्हणाले, "शिक्षा झालेल्या कैद्यांचे हक्क? अहो, ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्या हक्कांचं काय?" प्रश्न रास्त आहे. इथे बसलेल्या अनेकांच्या मनात तोच असणार. तो मी टाळणार नाही. फक्त थोडा धीर धरा, बोलता बोलता आपण तिथे पोहोचणारच आहोत.

आधी एक खुलासा. मी आज कच्च्या कैद्यांबद्दल बोलणार नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती. त्यातले चार लाख चौतीस हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे असे. त्यांच्याबद्दल कळवळा वाटणं तसं सोपं आहे, कारण तो माणूस निर्दोष असेलही, असं आपण स्वतःला सांगू शकतो. मला बोलायचं आहे ते एक लाख तेहतीस हजार पक्क्या कैद्यांबद्दल. ज्यांचा गुन्हा शाबीत झाला, ज्यांच्या नावापुढे आकडा लागला, ज्यांच्या बाजूनं बोललं तर सभागृहात टाळी पडत नाही, त्यांच्याबद्दल.

न्यायाधीश शिक्षा सुनावतात तेव्हा निकालपत्राच्या शेवटच्या पानावर काय लिहिलेलं असतं? इतकी वर्षं सश्रम कारावास, इतका दंड, दंड न भरल्यास आणखी इतके महिने. बस्स. याला बराकीत मार खावा लागेल, असं त्यात लिहिलेलं असतं का? याच्या म्हाताऱ्या आईनं याचं तोंड पाहायला दीड-दोनशे किलोमीटर यावं, असं लिहिलेलं असतं का? याची जात पाहून याच्या हातात झाडू द्यावा, असं लिहिलेलं असतं? सुटल्यावर याला गावात कोणी कामाला ठेवू नये, असं? यातलं एक अक्षरही तिथे नसतं. तरी माणूस हे सगळं भोगतो, आणि त्याच्याबरोबर त्याचं घर भोगतं. माझं आजचं म्हणणं एका वाक्याचं आहे: जी शिक्षा न्यायाधीशानं लिहिली नाही, ती देण्याचा अधिकार कोणालाही नाही. जेलरला नाही, सरकारला नाही आणि गावालाही नाही.

हा माझा भाबडेपणा आहे, असं कोणाला वाटेल. पण या देशाचा कायदाच हे सांगतो. शिक्षा झाली एवढ्या कारणानं माणसाचे सगळे मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं भुवनमोहन पटनाईक खटल्यात १९७४ सालीच सांगितलं. आणि १९७९ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगातून एक पत्र आलं. लिहिणारा सुनील बत्रा, फाशीची शिक्षा झालेला कैदी. त्यानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. शेजारच्या एका कैद्याला भेटायला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे उकळता यावेत म्हणून वॉर्डरनं त्या कैद्याचा अमानुष छळ केला होता, तो त्यानं न्यायाधीशांना कळवला. न्यायालयानं ते साधं पत्र याचिका म्हणून दाखल करून घेतलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी डिसेंबर १९७९ च्या निकालात तुरुंगांच्या तपासणीची, कैद्यांच्या तक्रारपेट्यांची जबाबदारी जिल्हा न्यायाधीशांवर टाकली. विचार करा, ज्याच्या डोक्यावर फाशी लटकते आहे, तो माणूस दुसऱ्याच्या अंगावरच्या जखमांसाठी कागद शोधतो.

त्या पत्राला अडतीस वर्षं झाली, आणि जून २०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात शिक्षा भोगणाऱ्या एका बाईचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. बाई कैदीच होती, पण वर्तणूक चांगली म्हणून तिला वॉर्डरचं काम दिलेलं. वाद कशावरून? रेशनातली अंडी आणि पाव मोजणीत कमी भरले, एवढ्यावरून. कारागृहाच्या महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. आतल्या बायका गच्चीवर चढून ओरडल्या, तेव्हा भिंतीबाहेरच्यांना कळलं. ही शिक्षा कोणत्या न्यायाधीशानं लिहिली होती?

आता कागदाबद्दल बोलतो. कागद हा कैद्याच्या आयुष्यातला फार मोठा विषय आहे, आणि आपल्या महाराष्ट्रानं त्यात देशाला दोन महत्त्वाचे निकाल दिले आहेत. पहिला १९६५ चा. प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध केलं होतं. हे शिक्षा झालेले कैदी नव्हते, तरी मुद्दा तोच. आत बसून या माणसानं 'अणूचे अंतरंग' नावाचं विज्ञानाचं पुस्तक लिहिलं, मराठीत. ते छापण्यासाठी घरी पाठवू द्या, म्हणाले. सरकार म्हणालं, नाही. तुमच्या स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक लिहिण्याचा हक्क दिलेला नाही! उच्च न्यायालयानं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानं हे उलटं धरलं: अटींत जे काढून घेतलेलं नाही, ते त्या माणसाचंच आहे. मी आज जे सांगतो आहे त्याचं बीज या एका निकालात आहे. आणि कागद-लेखणी आत गेल्यानं महाराष्ट्राचं काय झालं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी बोलत होते आणि साने गुरुजी लिहून घेत होते. 'गीता प्रवचने' तिथून आली. ते दोघंही तेव्हा सरकारदरबारी शिक्षा भोगणारे कैदीच होते.

दुसरा निकाल १९७८ चा, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. हा माणूस विद्यापीठाच्या बनावट पदव्यांच्या प्रकरणात दोषी ठरलेला. सहानुभूती वाटावी असा अजिबात नाही. पण त्याच्या निमित्तानं सर्वोच्च न्यायालयासमोर आलं ते असं, की अपिलासाठी लागणारी निकालाची प्रतच वेळेवर त्याच्या हाती नव्हती. शिक्षा भोगून झाली तरी अपिलाचा पत्ता नाही. अखेर आलेली त्याची याचिका फेटाळली गेली. मात्र न्यायालयानं देशभरासाठी नियम घालून दिला: निकालाची प्रत कैद्याला विनामूल्य आणि ताबडतोब मिळाली पाहिजे, ती मिळाल्याची त्याची लेखी पोच घेतली पाहिजे आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर सरकारनं वकील दिला पाहिजे. आज अमरावतीच्या कारागृहातून आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला एखादा शेतमजूर नागपूर खंडपीठाकडे 'जेल अपील' पाठवतो, ते या वाटेनं जातं. वकील मंडळी इथे आहेत, म्हणून आणखी एक सांगतो. प्रत मिळाली तरी ती वाचून, समजावून कोण सांगणार? अशी मंडळी मी पाहिली आहेत, ज्यांना आपल्याला कोणत्या कलमाखाली शिक्षा झाली हे ठाऊक होतं, पण कोणत्या साक्षीवर झाली हे ठाऊक नव्हतं.

अमरावतीचं नाव निघालं, तर जरा तिथे थांबू या. बुलढाण्यात जिल्हा कारागृह आहे, पण तिथे मुख्यतः कच्चे कैदी असतात. मोठी शिक्षा लागली की माणूस अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात जातो, क्वचित नागपूरला. आता लोणारच्या एखाद्या खेड्यातल्या आईचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. पहाटेची एसटी, मग मेहकर, मग पुढची गाडी. घाटाखालच्या नांदुरा-शेगावकडची असेल तर रेल्वे धरून बडनेऱ्याला उतरायचं. त्या दिवसाची मजुरी बुडाली. आधार कार्डाची झेरॉक्स विसरली तर दारातून परत. सगळं जमलं, तर काचेपलीकडे किंवा जाळीपलीकडे मुलगा, आणि जेमतेम वीस मिनिटं. त्यातही शेजारी पाच-सहा कुटुंबं एकाच वेळी ओरडून बोलतायत. मी वकील म्हणून त्या दारात उभा राहिलो आहे. एक म्हातारी बाहेर येऊन पिशवीतली भाकरी सोडत मला म्हणाली, "पोराले पाह्यलं भाऊ, पण हात नाही लावू देल्ला." तिच्या मुलाला न्यायालयानं जन्मठेप दिली होती. तिला कोणी दिली?

या व्यवस्थेत चांगलं काहीच होत नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. महाराष्ट्राच्या कारागृहांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो. त्या दिवशी कैद्यांच्या मुलांना आत सोडतात, मधे जाळी नसते, बाप मुलाला मांडीवर घेऊन खाऊ भरवतो. ज्या अधिकाऱ्यांनी हे आस्थेनं चालवलं त्यांचे आभार मानले पाहिजेत. अमरावतीची 'वऱ्हाड' ही संस्था कैद्यांच्या मुलांसाठी काम करते. व्हिडिओवरची मुलाखतही आता होते. पण वर्षातून एखाद्या दिवशी जे कौतुकानं होतं, ते एरवी का होऊ नये? बापाला मिठी मारल्यानं कोणत्या शिक्षेचा एक दिवस कमी होतो?

आणि मग येते रजा. शहरातल्या माणसाला कैद्याची रजा म्हटलं की राग येतो, वर्तमानपत्रात ती बातमी कायम 'पॅरोलवर सुटलेला फरार' अशीच येते म्हणून. वेळेवर परत गेलेल्याची बातमी होत नाही. आपल्याकडे १९५९ च्या नियमांपासून दोन रजा चालत आल्या आहेत: संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. पॅरोल घरच्या अडीनडीसाठी, आजारपण, मृत्यू, लग्न. फर्लोला कारण लागत नाही. काही काळ शिक्षा नीट भोगलेल्या माणसानं वर्षातून काही दिवस घरी जावं, त्याचा संसाराशी धागा तुटू नये, तुरुंगानं तो बधिर होऊ नये, एवढ्यासाठी ती आहे. ती निरपवाद मिळेलच असा हक्क नाही, हे न्यायालयांनी सांगितलं आहे आणि ते मला मान्य आहे. माझा आक्षेप ती नाकारली जाते त्या पद्धतीवर आहे.

अर्ज तुरुंगातून निघतो. अहवालासाठी कैद्याच्या गावच्या पोलीस ठाण्याकडे येतो. तिथला शिपाई गावात येतो, जामीन राहणाऱ्या नातेवाइकाचा जबाब घेतो, पोलीस पाटलांना विचारतो, विरुद्ध पक्षाला विचारतो. आणि अहवालात एक ठरलेलं वाक्य जातं: 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' माझ्या वकिलीत हे वाक्य मी इतक्या अहवालांत वाचलं आहे, की गावाचं नाव झाकलं तर अहवाल कोणत्या तालुक्याचा ते ओळखू येऊ नये. शक्यता कशाची? कोणत्या घटनेवरून? मागच्या रजेत काय घडलं? काही लिहिलेलं नसतं. नुसत्या मोघम भीतीवर रजा नाकारू नये, असं उच्च न्यायालयानं कितीतरी वेळा बजावलं आहे. तरी वाक्य जात राहतं, रजा फेटाळली जात राहते, आणि हातानं लिहिलेल्या याचिका नागपूरला पोहोचत राहतात. तोवर ज्या आजारी बापासाठी अर्ज केला होता, त्याची तेरावी होऊन गेलेली असते.

आता जातीकडे येतो, कारण तिच्याशिवाय आपल्याकडच्या तुरुंगाची गोष्ट पुरी होत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. याचिका सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार बाईंची. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांमध्ये स्वातंत्र्यानंतर सत्तर-पंच्याहत्तर वर्षं काय शिल्लक होतं? सफाईचं काम अमुक जातीला, स्वयंपाकाचं अमुक जातीला, आणि भटक्या-विमुक्तांकडे 'सराईत' म्हणून पाहायचं. न्यायालयानं ते रद्द केलं. तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. आपल्या जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांत हे लोक होते. कायदा १९५२ मध्ये गेला. पण मला सांगा, गावात चोरी झाली तर पहिली जीप कुठे जाते?

धाडच्या पलीकडे भोकरदन तालुका लागतो. जालना जिल्हा म्हणायचा, पण सोयरीक आणि बाजार आपल्याशी. तिथल्या भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना २००३ च्या नाशिकजवळच्या एका भयंकर दरोडा-बलात्कार-हत्या प्रकरणात पकडलं. खालच्या न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांची फाशी कायम केली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या अल्बममधून ओळखलेली माणसं वेगळीच होती, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं गेली. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचं मधल्या काळात ठरलं होतं. न्यायालयानं प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले आणि कसूर करणाऱ्या पोलिसांची चौकशी करायला सांगितली. 'पक्का कैदी म्हणजे गुन्हा शाबीत, मग हक्क कसले' असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, हे सहा जणही पक्के कैदीच होते. देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयानं शाबीत केलेले. त्यांना आत असताना वकील, कागद आणि पुन्हा दाद मागण्याची वाट मिळाली नसती, तर आज ते कुठे असते? आणि त्या बाईंच्या घरावर ज्यांनी खरोखर हल्ला केला, ते कुठे आहेत?

इथे माझ्या स्नेह्यांचा प्रश्न आला. ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय?

पहिलं उत्तर, चुकीचा माणूस आत गेला की पीडिताचाही न्याय गेला. दुसरं उत्तर थोडं लांबचं आहे. आपल्याकडे सर्रास म्हणतात, जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं. तसं नाही. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, हे १९६१ मध्येच गोपाळ विनायक गोडसे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. चौदा वर्षं ही काही जन्मठेपींसाठी ठेवलेली किमान मर्यादा आहे; तेवढी प्रत्यक्ष भोगल्यावर सरकार मुदतपूर्व सुटकेचा विचार करू शकतं, आणि तोही गुन्ह्याच्या वर्गवारीनुसार. या अधिकाराचं काय होऊ शकतं ते आपण १५ ऑगस्ट २०२२ ला पाहिलं. बिल्किस बानो प्रकरणातले अकरा जन्मठेपेचे कैदी गुजरात सरकारनं सोडले, त्यांचे हारतुरे झाले. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती सुटका रद्द केली आणि त्यांना परत आत पाठवलं. खटला मुंबईत चालला होता, म्हणून निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा होता, गुजरातचा नव्हता. ज्यांना वाटतं की कैद्याचे हक्क म्हणजे पीडितेवर अन्याय, त्यांनी हा निकाल पाहावा. कैद्याची सुटका ही कायद्यानं चालणारी गोष्ट आहे, मर्जीनं चालणारी नाही, हेच तत्त्व त्या बाईंच्या कामी आलं. मर्जीनं सुटका होऊ नये, आणि मर्जीनं ती अडूही नये. कैद्याच्या मजुरीतला काही भाग पीडिताच्या कुटुंबाला भरपाई म्हणून मिळावा, असंही सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये सुचवलं होतं. पण त्यासाठी कैद्याला मजुरी मुळात बऱ्यापैकी मिळायला हवी ना?

मजुरीवरून आठवलं. १ मे २०२२ ला महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनं येरवड्याच्या कैद्यांसाठी 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली. पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, तारण नाही, जामीनदार नाही. फेड तुरुंगातल्या कमाईतून. मुलीची फी, आईचं ऑपरेशन, वकिलाची फी. तुरुंगात बसून माणूस घराचा कर्ता राहू शकतो, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. या योजनेत ज्या माणसावर समाजानं काडीचाही विश्वास ठेवला नसता, त्याला बँक नुसत्या त्याच्या शब्दावर पैसे देते.

विश्वासाचा हा प्रयोग जुना आहे. १९३९ साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरच्या सल्ल्यानं, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. कैद्यांची वसाहत, भिंतीविना, शेतीवर. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच १९५७ मध्ये आला, कथा गदिमांची. सिनेमा सगळ्यांनी पाहिला, डोळे पुसले. स्वतंत्रपूर किती जणांनी पाहिलं? आपल्या विभागात मोर्शीला खुलं कारागृह आहे. तिथले कैदी शेतात राबतात आणि त्यांना शिक्षेत जादा माफी मिळते. पळून जायला तिथे उंच भिंत आडवी येत नाही. तरी ते थांबतात, काम करतात आणि शिक्षा संपवून घरी जातात.

घरी, म्हणजे आपल्या गावी. जन्मठेपेच्या ज्या कैद्यांना मी भेटलो, त्यातले कितीतरी आयुष्यात एकदाच गुन्हा केलेले. बांधाचा वाद, धुऱ्यावरची बाभूळ, भावाभावातली वाटणी, एका संध्याकाळचा राग आणि हातात आलेली कुऱ्हाड. मेलेला चुलतभाऊ, मारणारा चुलतभाऊ. गुन्हा गंभीरच, शिक्षा योग्यच. पण ती संपल्यावर? बायको कधीच माहेरी गेलेली, जमीन वकिलाच्या फीपायी गहाण, मुलाच्या चारित्र्य पडताळणीवर बापाची छाया. कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत म्हणून आपण ओरडतो, आणि मोर्शीच्या शेतात वर्षानुवर्षं राबून आलेल्या माणसाला 'नको, तो जेलचा आहे' म्हणतो. कारागृह विभागाचं ब्रीद 'सुधारणा व पुनर्वसन' असं आहे. यातलं दुसरं काम विभाग कितीही म्हटला तरी एकटा करू शकत नाही. ते चिखलीच्या बाजार समितीत, खामगावच्या जिनिंगमध्ये, आपल्या ग्रामसभेत व्हायचं आहे.

या सभागृहात तरुण वकील आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीत नाव घाला आणि जेल अपिलाचे कागद घेऊन एकदा अमरावतीला जाऊन तो निकाल त्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. प्राध्यापक आणि पत्रकार मंडळींनो, तुरुंगांवर अशासकीय अभ्यागत नेमण्याची तरतूद नियमांत आहे; ती आपल्या जिल्ह्यात कशी चालते, याची विचारणा करा. आणि पोलीस पाटील मंडळींना, सरपंचांना माझी हात जोडून विनंती आहे. रजेच्या अर्जावर गावाची हरकत आहे का, असं विचारायला ठाण्यातून माणूस येईल, तेव्हा सही करण्याआधी एवढंच विचारा: हा मागच्या रजेवर आला होता का, आणि ठरल्या दिवशी परत हजर झाला होता का? उत्तर काय येईल ते अहवालात लिहायला लावा, तारखेसह.